पंचेचाळीस नंबरचं क्वार्टर

विलास कारखानीसांनी एकोणचाळीस वर्षं सरकारी नोकरीत घरं काढली. काढली म्हणजे कागदावर. केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. ड्राफ्ट्समनचं नशीब असं की इंजिनियर सांगतो, हा काढतो, ठेकेदार बांधतो आणि पाटीवर नाव मंत्र्याचं लागतं. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. सरळ रेघ मारावी तर कारखानीससाहेबांनी, असं दिल्लीच्या त्या ऑफिसात सगळे म्हणत, आणि ते ऐकून ते दिवसभर खूश असत. माणूसही रेघेसारखाच. साडेबाराला डबा, सव्वापाचला बस, आणि वादात पडला की एकच वाक्य: "शीट काय म्हणते ते बघा."

लग्नानंतर वर्षभरात मुनिरक्याच्या अलीकडच्या वसाहतीत त्यांना टाइप-थ्रीचं क्वार्टर मिळालं, नंबर पंचेचाळीस. एक बाहेरची खोली, एक आतली, स्वयंपाकघर, न्हाणी. तिथे साधनाबाईंनी एकतीस वर्षं संसार केला. नचिकेत तिथेच जन्मला, शिकला आणि नोएडाच्या एका कंपनीत लागला. सरकारी क्वार्टर आपलं नसतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. बायकांना मात्र ते कुणी नीट समजावून सांगत नाही. साधनाबाईंनी त्या चार भिंतींवर जेवढा जीव लावला, तेवढा लोक स्वतःच्या बंगल्यावर लावत नाहीत.

खरं तर कारखानीसांचं स्वतःचं घर होतं, आणि तेही असंतसं नाही. आजोबा खंडेराव सचिवालयात कारकून म्हणून दिल्लीला आले आणि हिंदूराव टेकडीच्या उतारावर छत्तीस साली त्यांनी घर बांधलं. पडकं वगैरे अजिबात नाही. चुन्यातली दीड-दीड फूट जाड भिंत, उंच छत, वर झरोके, पुढे कमानींचा व्हरांडा आणि व्हरांड्यात तीन दरवाजे, तिन्ही हुबेहूब एकसारखे. सरकारी वारसा यादीतही त्याचं नाव चढलं होतं, म्हणजे मालकाला खिळा ठोकायचा तरी अर्ज करायचा. इतकी वर्षं ते भाड्याने दिलेलं होतं. विलासराव निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि दोघं इथे राहायला आली.

पहिली दोन वर्षं बरी गेली. मग साधनाबाईंना त्या तीन दरवाजांमधला फरक कळेनासा झाला.

आधी हसण्यावारी गेलं. स्वयंपाकघरात जायचं म्हणून निघायच्या आणि अडगळीच्या खोलीत उभ्या राहायच्या. मग नावं गेली, वार गेले, भाजीत मीठ गेलं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि जाता जाता म्हटलं की गोळ्यांनी वेग कमी होतो, दिशा बदलत नाही. विलासरावांनी ते ऐकून घेतलं. घरी आल्यावर न्हाणीचा नळ सोडून ते पोटभर रडले, आणि तोंड धुऊन तिच्यासाठी चहा टाकला.

सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळची. साडेचार वाजले की साधनाबाई पिशवी भरायला घ्यायच्या. कुकर, एक साडी, नचिकेतचा कधीतरी लहानपणी घातलेला स्वेटर.

"अहो, चला. घरी जाऊ."

"हे घरच आहे आपलं, साधना."

"असं काय करता? पाच वाजता पाणी येतं. ड्रम कोण भरणार?"

क्वार्टरमध्ये पाणी पाचला यायचं. तिला नातवाचं नाव आठवत नव्हतं, पण पाण्याची वेळ आठवत होती. विलासराव समजावत, रागावत, मग कुलूप लावत, कुलूप लावलं की ती दारावर हात आपटत राही आणि शेवटी त्यांचीच बाही धरून विनवी, "अहो, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना, मला सोडा म्हणून." नवरा कोण आणि कोंडून ठेवणारा कोण, याची गल्लत व्हायची, पण 'अहो' त्यांनाच म्हणायची. बाही त्यांचीच धरायची. तेवढ्यावर ते दिवस काढत होते.

एकदा ती निसटली आणि हिंदूराव हॉस्पिटलच्या गेटवर गर्दीत सापडली. दुसऱ्यांदा मेट्रोत जाऊन बसली. तिसऱ्यांदा पावणेचार तास लागले. पोलिसांना ती रिंगरोडच्या कडेने अनवाणी चालताना दिसली, मुनिरक्याच्या दिशेने. दिशा बरोबर होती. तेच विलासरावांच्या काळजाला लागलं.

त्या संध्याकाळी नचिकेत नोएडाहून आला. पोरगा वाईट नव्हता. आईच्या पायांना त्याने स्वतः औषध लावलं. मग बापाला बाहेर व्हरांड्यात नेऊन म्हणाला, "बाबा, बस झालं. माझ्या सेक्टरजवळ एक चांगलं केअर होम आहे, मी बघून आलोय. चोवीस तास नर्स, बंद गेट. तुम्ही रोज भेटायला या."

"ती मला सोडून राहायची नाही."

"ती तुम्हाला सोडूनच पळतेय, बाबा."

मग नचिकेतच खालच्या आवाजात म्हणाला, "सॉरी. पण पुढच्या वेळी ट्रकखाली सापडली तर? दिवाळीपर्यंत बघू. तोवर ती शांत नाही झाली, तर मी घेऊन जाणार. प्रॉमिस करा."

त्यांनी प्रॉमिस केलं. साधना आपल्याजवळ राहणार की बंद गेटाआड जाणार, याला आता तारीख लागली होती.

दुसऱ्याच दिवशी ते तिला रिक्षात घालून जुन्या वसाहतीत घेऊन गेले. क्वार्टर उरलेलं नाही हे डोळ्यांनी पाहील तर मन मानेल, असा त्यांचा हिशेब. वसाहत पाडून तिथे टॉवर उठत होते. निळ्या पत्र्यांचं कुंपण, आत क्रेन. साधनाबाईंनी पाहिलं आणि खुदकन हसल्या. "रिक्षावाल्याने भलत्याच गल्लीत आणलं हो." आणि परत येताना रिक्षात बसल्या बसल्या त्यांचे हात चालू झाले. हवेत बटण दाबलं, कडी सरकवली, कोपऱ्यातला स्टोव्ह पेटवला. डोळे मिटलेले, आणि हात कुठेही अडखळत नव्हते. घर पाडलं गेलं होतं, पण तिच्या हातांत ते जसंच्या तसं उभं होतं.

विलासरावांना तिथेच, रिंगरोडच्या ट्रॅफिकमध्ये, वेड लागलं म्हणा किंवा सुचलं म्हणा. क्वार्टर पडलं असेल. शीट तर आहे ना!

रेकॉर्डरूममधला जुना माल रद्दीत निघाला तेव्हा टाइप-थ्रीच्या नकाशाचं मूळ ट्रेसिंग त्यांनी मागून आणलं होतं. कपाटावर गुंडाळी पडली होती. ती त्यांनी जेवणाच्या टेबलावर पसरली, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि शिवांगीला फोन लावला. शिवांगी ही साधनाबाईंच्या भावाची मुलगी, नोएडात एका आर्किटेक्टकडे नोकरीला, आत्यावर जीव टाकणारी. जुन्या घराच्या पूर्वेला एक नवी खोली जोडायचं तिच्या मनात आधीपासून होतं. तिने स्केचही केलं होतं: कडुनिंबाकडे उघडणारी मोठी काच, बारीक स्टीलचे खांब, भरपूर उजेड.

"काका, वारसा समितीचा नियम आहे, नवं बांधकाम जुन्याची नक्कल वाटता कामा नये. म्हणून मी एकदम कंटेम्पररी ठेवलंय. जुन्या भिंतीला हातसुद्धा लावायचा नाही. मध्ये वीतभर काचेची पट्टी, तिच्यातून आकाश दिसेल, आणि पलीकडे नवं."

"पलीकडे हे," विलासराव म्हणाले, आणि ट्रेसिंगवर बोट ठेवलं.

शिवांगी आधी हसली. मग त्यांचं तोंड पाहून ट्रेसिंगवर वाकली. बाहेरून काच आणि स्टील, आत सत्तर सालचं सरकारी क्वार्टर! साहेबांनी पाहिलं तर नोकरीवरून काढतील, म्हणाली. पण त्याच आठवड्यात तिने नकाशा बसवला. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, न्हाणी. मोझेकची फरशी, सिमेंटचा ओटा, हिरवा जाळीचा दरवाजा, दारामागे काळं गोल बटण. कडुनिंबाकडची मोठी काच गेली आणि तिथे गजांची खिडकी आली. समितीला बाहेरचं रूप आवडलं. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही.

अर्ज पाठवण्याआधी एकदा शिवांगी म्हणाली, "काका, क्वार्टरचे जुने फोटो असतील ना? मी एकदा टॅली करून घेते."

"अल्बम नचिकेतकडे आहेत, नोएडाला. आणि फोटो कशाला हवेत?" विलासराव जवळजवळ चिडलेच. "हा नकाशा एकोणचाळीस वर्षं माझ्या हाताखाली होता. झोपेत काढून दाखवीन. शीट काय म्हणते ते बघ."

शिवांगीने शीट पाहिली.

घर पाहावं बांधून, म्हणतात. विलासरावांनी ते म्हातारपणी, आजारी बायकोला एका हाताने धरून पाहिलं. पेन्शनीची सगळी पुंजी त्यात घातली. सकाळी तिला आंघोळ घालायची, वेणी घालायची, नाश्ता भरवायचा, आणि मिस्त्री आले की टेप घेऊन धावायचं. दाराची उंची अर्ध्या इंचाने चुकली म्हणून चौकट उखडायला लावली. तसलं बटण आता मिळत नाही म्हणून जुन्या सामानाच्या बाजारात तीन दिवस फिरले. टेप हातात असली की त्यांना खोली दिसायचीच नाही, माप दिसायचं. आणि प्रत्येक माप शीटशी तंतोतंत जुळत होतं. गिलावा वाळल्यावर एकदा ते आत एकटे उभे राहिले तेव्हा काहीतरी खटकलं. डोकं हलकं झाल्यासारखं वाटलं. नव्या चुन्याचा वास चढला असेल, असं म्हणून ते बाहेर आले.

मिस्त्री त्यांच्या पाठीमागे हसत. नचिकेत फोनवर म्हणाला, "बाबा, हे पागलपन आहे." ते काय विलासरावांना कळत नव्हतं? पण बुडत्याला काडीचा आधार, आणि ही काडी निदान त्यांच्या स्वतःच्या हातची होती. ही खोली तिने ओळखली नाही तर पुढे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दिवाळी पाच दिवसांवर आली होती.

गुरुवारी साडेचार वाजता साधनाबाईंनी पिशवी भरली. "अहो, चला. घरी जाऊ."

"चल," विलासराव म्हणाले.

व्हरांड्यातून, मागच्या खोलीतून, काचेच्या पट्टीखालून ते तिला घेऊन गेले आणि हिरव्या जाळीच्या दरवाजासमोर उभं केलं. साधनाबाई थबकल्या. दाराकडे पाहिलं. कडीला हात लावला. आणि गेल्या तीन वर्षांत विलासरावांनी पाहिलं नव्हतं असं हसू त्यांच्या चेहऱ्यावर आलं, ओळखीचं, आतून आलेलं.

"अरे वा," त्या म्हणाल्या.

विलासराव म्हणजे देवाला न मानणारा माणूस, पण मनातल्या मनात त्याने सगळ्या देवांना हात जोडले.

साधनाबाईंनी पायांतल्या चपला काढल्या आणि दाराबाहेर, भिंतीला लावून नीट जोडीने ठेवल्या. पदर सारखा केला. आत आल्या, खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि इकडेतिकडे पाहत हिंदीत म्हणाल्या, "भाभीजी नहीं दिख रहीं? मैंने सोचा, हमारा फोन आया होगा तो पूछ आऊँ."

विलासरावांना काही कळेना. कुणाचा फोन? कोण भाभीजी? मग त्यांची नजर तिच्या डोक्यावरून स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. दार उजव्या हाताला होतं.

पंचेचाळीस नंबरात ते डाव्या हाताला होतं.

टाइप-थ्रीची क्वार्टरं जोडीने बांधत. मधली भिंत एक, एका बाजूला एक घर, दुसऱ्या बाजूला तेच घर उलटं. शीटवर एकच काढायचं आणि खाली बारीक अक्षरात लिहायचं: 'शेजारील युनिट याच्या उलट.' ती ओळ विलासरावांनी आपल्या सुंदर अक्षरात हजार वेळा लिहिली असेल. आणि एकतीस वर्षं ते स्वतः त्या उलट्या युनिटात राहिले होते. शीटवरचं सरळ घर होतं चव्वेचाळीस नंबर. शेजारच्या चड्ढांचं. वसाहतीत त्या ओळीत पहिला फोन चड्ढांकडे आला होता, आणि माहेरचा फोन यायचा असला की साधनाबाई संध्याकाळी तिथे जाऊन खुर्चीच्या कडेवर अशाच बसायच्या.

तिने खोली ओळखली होती. बरोबर ओळखली होती. चूक तिची नव्हतीच.

"साधना," ते तिच्यासमोर गुडघ्यांवर बसले, "साधना, मी आहे. मी विलास. इकडे बघ."

साधनाबाई झटकन मागे सरकल्या. पदर खांद्यावर ओढून घेतला. रागावल्या नाहीत, पण परक्या पुरुषाने इतकं जवळ यावं हे त्यांना बरं वाटलं नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं. "भाईसाब," त्या म्हणाल्या, "ये अभी ऑफिस से नहीं लौटे हैं."

विलासराव उठले. स्वयंपाकघरात गेले, सिमेंटच्या ओट्यावर दोन्ही मुठी टेकल्या आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात रुमाल कोंबला. सगळं आयुष्य ज्या हातावर त्यांनी गर्व केला, तो हात त्यांना तोडून टाकावासा वाटत होता. फोटो बघ म्हणाली होती पोरगी. एक फोटो बघितला असता तर!

पाच वाजले. साडेपाच, सहा वाजले. साधनाबाईंनी घरी जायचं नाव काढलं नाही. शेजारी बसल्यावर घाई कसली? घर भिंतीपलीकडे आहे, नवरा आला की हाक मारेल. त्या दिवशी त्यांनी दारावर हात आपटला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. विलासरावांनी आणून दिलेलं जेवण त्या संकोचाने थोडंथोडं जेवायच्या, दुसऱ्यांदा वाढू द्यायच्या नाहीत. पण वेणी घालायला ते फणी घेऊन आले तेव्हा त्या घाबरून उठून उभ्या राहिल्या. आंघोळीचं तर बोलायलाच नको. घाईघाईने एक बाई शोधावी लागली. तीन वर्षं रोज ज्या केसांतून त्यांनी फणी फिरवली, त्यांना आता हात लावायची त्यांना मुभा नव्हती.

एकदा त्यांनी तिला जुन्या घरात परत नेऊन पाहिलं. ती तिथेही त्यांच्याकडे चड्ढांकडे पाहावं तसंच पाहत होती, आणि पुन्हा त्या खोलीत नेईपर्यंत कापत होती.

शिवांगीला फोनवर सांगितलं तेव्हा ती हुंदके देऊन रडली. "काका, तोडू आपण. मी उलटं करून देते. चार महिने द्या."

"चार महिने ती कुठे राहील?" विलासरावांनी विचारलं. उत्तर नोएडाला होतं, बंद गेटाच्या आत.

रविवारी नचिकेत आला. मनाची तयारी करून, गाडीत आईची बॅग ठेवायला जागा करून आला होता. हिरव्या दाराशी आला आणि पोराचा चेहरा क्षणात लहान मुलासारखा झाला. "बाबा, हे तर..." त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्याला एक मिनिटही लागलं नाही. "हे चड्ढा अंकलचं घर आहे."

"हो."

नचिकेतने आईकडे पाहिलं. ती खिडकीजवळ खुर्चीत बसून बाहेर कडुनिंबावरच्या पोपटांकडे पाहत होती. पिशवी खाली ठेवलेली. हात मांडीवर, स्वस्थ. साडेचार वाजून गेले होते.

"कधीपासून अशी आहे?"

"गुरुवारपासून."

"एकदाही बाहेर..."

"नाही."

नचिकेतने डोळे पुसले आणि बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "मग राहू दे, बाबा. नोएडाचं मी कॅन्सल करतो. जमलं तुम्हाला." त्याला खरोखरच तसं वाटत होतं, आणि त्याचं काही चुकतही नव्हतं. तिला ठेवून घ्यायचं होतं, ती राहिली होती. विलासरावांनी मान हलवली. पोराला सोडायला ते फाटकापर्यंत गेले, गाडी वळेपर्यंत उभे राहिले आणि परत आले.

दारात चपला काढून ते आत गेले. साधनाबाई त्यांना पाहून अदबीने सावरून बसल्या. बाहेर उजेड कमी झाला होता. त्यांनी गोल बटण दाबून दिवा लावला आणि दोन कप चहा करून एक तिच्यापुढे ठेवला, हात लागणार नाही इतक्या अंतरावर.

"आपको बहुत तकलीफ दे रही हूँ, भाईसाब," ती म्हणाली. "ये कब तक आएँगे, कुछ बोलके गए थे क्या?"

विलासराव समोरच्या खुर्चीत बसले.

"बस, आते ही होंगे, भाभीजी," ते म्हणाले. "आप चाय पीजिए."